विश्लेषण : तिकिटावर दोघे, बर्थवर तिघे… रात्रीच्या स्लीपर प्रवासात लहान मुलाची जागा कोणती?

कोल्हापूरची महालक्ष्मी, सोलापूरची सिद्धेश्वर, गोंदियाची विदर्भ, मराठवाड्यातून पुढे जाणारी देवगिरी, मडगावची कोकणकन्या. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या या गाड्यांत एक प्रवासी हमखास असतो आणि त्याच्या नावापुढे बर्थ क्रमांक बहुतेक वेळा नसतो. त्याचे वय पाचच्या आत असते, उंची तीन फुटांच्या आगेमागे असते आणि झोपला की तो दोन फूट रुंदीच्या बर्थवर बरोबर आडवा होतो. रात्रीची गाडी घेण्यामागे पालकांचा हिशेब साधा असतो. मूल झोपेत जाईल, दिवस वाचेल, सकाळी आजोळी पोहोचता येईल. गणपतीत, दिवाळीत आणि मे महिन्यात लाखो घरांतून हाच हिशेब मांडला जातो. तो किती जमतो, हे मुलापेक्षा बर्थवर अधिक अवलंबून असते आणि बर्थ कोणाला कोणता मिळावा हे ठरवणाऱ्या नियमांत तान्ह्या बाळाची आई जवळपास कुठेच नाही.

पाच वर्षांखालील मुलाचे तिकीट लागते का?

नाही. मुलासाठी वेगळा बर्थ नको असेल तर पाच वर्षांखालील मूल विनामूल्य प्रवास करते. बर्थ हवा असेल तर मात्र प्रौढाचे पूर्ण भाडे भरावे लागते. मार्च २०२० च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘आता एक वर्षाच्या बाळालाही पूर्ण तिकीट’ अशा बातम्या पसरल्या, तेव्हा रेल्वे मंत्रालयाला खुलासा करावा लागला की नियम बदललेला नाही, बर्थ घेणे हा ऐच्छिक पर्याय आहे. आरक्षण करताना बाळाचे नाव नोंदवण्याची सोय असते. पैसे लागत नाहीत, बर्थही मिळत नाही, पण प्रवासात मूल सोबत आहे याची नोंद राहते. ती जरूर करावी.

खरी मेख पाच ते बारा वयोगटात आहे. एके काळी अर्धे तिकीट म्हणजे अर्धे भाडे आणि अख्खा बर्थ, असे समीकरण होते. २१ एप्रिल २०१६ पासून ते मोडले. तेव्हापासून पाच वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालील मुलाला आरक्षित डब्यात बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, नको असेल तर अर्धे. म्हणजे अर्ध्या भाड्यात सहा वर्षांच्या मुलाला मिळते ती फक्त डब्यात चढण्याची मुभा. झोपायचे ते आईच्या कुशीत किंवा बाबांच्या पायाशी. या बदलाचा आर्थिक परिणाम मोठा होता. माहिती अधिकारात २०२३ मध्ये समोर आलेल्या आकडेवारीनुसार सात वर्षांत रेल्वेला यातून २,८०० कोटी रुपयांहून अधिक जादा उत्पन्न मिळाले. याच काळात ३ कोटी ६० लाखांहून अधिक मुलांनी बर्थविना अर्ध्या भाड्यात प्रवास केला आणि १० कोटींहून अधिक मुलांसाठी पालकांनी पूर्ण भाडे मोजले. लांबच्या प्रवासात सहा-सात वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन रात्र काढता येत नाही, हे पालकांना नियम करणाऱ्यांपेक्षा जास्त चांगले ठाऊक होते, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

बर्थ न घेण्याचा आणखी एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांत मिळणारा प्रवास विमा बर्थशी जोडलेला आहे. बर्थ नसलेल्या मुलाला तो लागू होत नाही. मांडीवरचे मूल गाडीत असते, विम्याच्या कागदावर नसते.

मुलाच्या वयाचा पुरावा जवळ असावा. साडेचार वर्षांचे धिप्पाड पोर पाहून टीसीने शंका घेतली, तर जन्मदाखल्याचा किंवा आधार कार्डाचा मोबाइलमधला फोटो वाद मिटवतो.

खालच्या बर्थवर आधी हक्क कोणाचा?

स्लीपर डब्यात एका बाजूला समोरासमोर सहा बर्थ आणि पलीकडे खिडकीलगत दोन, असा आठांचा कप्पा असतो. जुन्या पद्धतीच्या डब्यात असे नऊ कप्पे, म्हणजे ७२ बर्थ. नव्या एलएचबी डब्यात दहा कप्पे, म्हणजे ८०. कप्प्यातला पहिला आणि चौथा क्रमांक खालचा, दुसरा आणि पाचवा मधला, तिसरा आणि सहावा वरचा, सातवा साईड लोअर, आठवा साईड अप्पर. बर्थ क्रमांकाला आठने भागले की बाकीवरून कोणता बर्थ ते कळते. हा हिशेब रेल्वेने पाठ असलेल्या माणसाला शिकवायला नको, पण पहिल्यांदाच मूल घेऊन निघालेल्या जोडप्याने करून ठेवावा. अगदी दाराजवळचे कप्पे टाळावेत. रात्रभर दार आपटते, शौचालयाचा वास येतो आणि प्रत्येक स्थानकावर चढणाऱ्यांच्या बॅगा डोक्याशी घासत जातात. डब्याच्या मधोमध असलेला कप्पा सर्वांत शांत.

आता कोटा. खालच्या बर्थसाठी रेल्वेने वेगळा कोटा ठेवला आहे. त्यात ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षे व त्यावरील महिला आणि गर्भवती महिला येतात. गाडीत त्या वर्गाचे डबे किती यावर आकडा बदलतो, पण स्लीपरच्या एका डब्यात सहा ते सात, थर्ड एसीत चार ते पाच आणि सेकंड एसीत तीन ते चार खालचे बर्थ या कोट्यात असतात. यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट खटकते. नऊ महिने पोटात बाळ असलेली बाई यात आहे. तेच बाळ बाहेर आल्यावर, म्हणजे तिला रात्रीतून चार वेळा उठावे लागते, पाजावे लागते, दुपटी बदलावी लागतात तेव्हा, ती यादीतून बाहेर पडते. तिच्यासाठी वेगळी तरतूद करायला नवे डबे बांधायचे नाहीत की रूळ टाकायचे नाहीत. आरक्षण प्रणालीत आणखी एक रकाना लागेल, तेवढाच.

दुसरा घोळ आजीला सोबत नेताना होतो. आजी ६२ वर्षांची, सून ३० वर्षांची, सोबत दोन वर्षांचे मूल. आजी आहे म्हणजे खालचा बर्थ नक्की, या समजुतीने एकाच तिकिटावर दोघींचे आरक्षण केले जाते. पण हा कोटा निकषात बसणारा प्रवासी एकटा असेल, किंवा एका तिकिटावरचे दोघेही निकषात बसत असतील, तेव्हाच चालतो. त्यात एक जरी निकषाबाहेरचा असला तर प्रणाली ते तिकीट सर्वसाधारण कोट्यात ढकलते आणि आजीला मधला बर्थ येतो. मग गाडीत चढल्यावर विनवण्या सुरू. आजीचे तिकीट वेगळे काढले तर तिला खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते, पण सून दुसऱ्याच डब्यात जाण्याचा धोका राहतो. त्यातल्या त्यात सोपा मार्ग आरक्षणाच्या पानावरच आहे : ‘किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट काढावे’ असा पर्याय निवडता येतो. साठ दिवस आधी, आरक्षण उघडते त्या सकाळी तो उपयोगी पडतो. गणपतीच्या आठवड्यात मात्र तोच पर्याय तिकीट हातचे घालवतो. आपोआप वरच्या वर्गात बढती देणारा पर्यायही मूल सोबत असताना विचार करूनच निवडावा. वरचा वर्ग मिळेल, खालचा बर्थ मिळेलच असे नाही.

आई आणि मूल अशी दोघेच निघाली असतील तर महिला कोटा आधी पाहावा. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस गाड्यांत स्लीपरचे सहा बर्थ एकट्या किंवा महिलांच्या गटासाठी, वयाची अट न ठेवता राखलेले असतात. त्यातला बर्थ खालचाच असेल याची खात्री नसते, पण प्रतीक्षा यादीतून सुटका होऊ शकते. प्रतीक्षा यादीपेक्षाही बाळाच्या आईला जड जाते ती आरएसी. साईड लोअरवर दोन अनोळखी माणसे बसून रात्र काढणार, हे त्या व्यवस्थेचे गणित. त्यातल्या एकीच्या मांडीवर आठ महिन्यांचे बाळ असेल तर जागेची वाटणी कशी करायची, याचे उत्तर तिकिटावर नाही. अशा वेळी चार्ट झाल्यानंतर टीसीला लगेच गाठावे. न आलेल्या प्रवाशांचे बर्थ आरएसीवाल्यांना क्रमाने मिळतात, आणि बाळ सोबत आहे हे त्याला दिसलेले बरे.

मधला बर्थ उघडला की काय होते?

रात्री १० ते सकाळी ६ ही झोपेची अधिकृत वेळ. पूर्वी ती ९ ला सुरू होत असे, २०१७ मध्ये एक तास पुढे गेली. या वेळेत मधल्या बर्थवाल्याला बर्थ उघडून झोपण्याचा पूर्ण हक्क आहे. तो उघडला की खाली बसता येत नाही. मान वाकवून, पाठ मोडून फार तर पाच मिनिटे. स्तनपान करणाऱ्या आईसाठी हीच रात्रीची सर्वांत मोठी अडचण आहे, आणि खालचा बर्थ मिळाला म्हणून ती सुटत नाही. कुशीवर झोपून पाजायची सवय असेल तर निभते. नसेल तर ती बाई मध्यरात्री बाळाला घेऊन दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभी राहते किंवा कोणाच्या तरी पायाशी टेकते.

म्हणून रात्रीचा प्रवास वारंवार करणाऱ्या काही बायका मुद्दाम साईड लोअर मागतात. तो लांबीला कमी, चालणाऱ्यांचा धक्का लागतो, मध्ये दोन आसनांची जोड टोचते. पण त्याच्यावर मधला बर्थ नसतो. रात्रभर केव्हाही ताठ बसता येते, खिडकीकडे पाठ करून पदराआड बाळाला पाजता येते. जोडावर जाड गोधडी दुमडून टाकली की बाळालाही टोचत नाही. थर्ड एसीच्या साईड लोअरलाही हाच फायदा. मूल तीन-चार वर्षांचे असेल, पाजण्याचा प्रश्न नसेल, तर मात्र आतल्या बाजूचा खालचा बर्थ बरा. मुलाला भिंतीकडे, आईला बाहेरच्या बाजूला. बर्थच्या कडेला दुमडलेली चादर गादीखाली खोचून बांध घालतात, पण गाडीच्या एका हिसक्याला तो पुरत नाही. आईची कूस हाच बांध.

मधल्या बर्थची साखळी किंवा खटका नीट अडकला आहे का, हे खाली बाळ झोपणार असेल तर स्वतः हात लावून पाहावे. जून २०२४ मध्ये एर्नाकुलमहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत बर्थ अंगावर पडून खालच्या प्रवाशाचा मृत्यू झाला. बर्थ नादुरुस्त नव्हता, वरच्या प्रवाशाने साखळी नीट अडकवली नव्हती, असे रेल्वेचे म्हणणे होते.

‘बेबी बर्थ’चे काय झाले?

मे २०२२ मध्ये, मातृदिनाच्या निमित्ताने, उत्तर रेल्वेच्या लखनऊ विभागाने लखनऊ मेलच्या एका थर्ड एसी डब्यात दोन खालच्या बर्थना छोटे जोड-बर्थ लावले. लांबी ७७० मिलिमीटर, रुंदी २५५ मिलिमीटर. म्हणजे साधारण अडीच फूट लांब, दहा इंच रुंद. वापरायचे नसेल तेव्हा ते बिजागरीवर फिरवून बर्थखाली दुमडता येत होते, कडेला बाळ पडू नये म्हणून अडसर होता. छायाचित्रे देशभर फिरली, कौतुक झाले. पुढे संसदेत दिलेल्या उत्तरात रेल्वेने प्रवाशांनी प्रयोगाचे स्वागत केल्याचे सांगितले, पण बर्थखाली सामान ठेवायची जागा घटते आणि दोन बर्थमधली पाय ठेवायची जागा कमी होते, या अडचणीही मांडल्या. प्रयोग सर्वत्र लागू झाला नाही.

या अडचणी खोट्या नाहीत. सहा माणसांच्या कप्प्यात दहा इंच म्हणजे चैन. शिवाय अडीच फुटांत तान्हे बाळ मावते, चार वर्षांचे मूल नाही. त्याची उंची साधारण तीन फुटांवर गेलेली असते. तरीही कल्पना चुकीची होती असे म्हणता येत नाही. प्रत्येक डब्यात एक-दोन बर्थ, तेही बाळाचे नाव नोंदवलेल्या तिकिटालाच, एवढ्या मर्यादेत ती पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे.

तोवर देशातल्या बायांनी आपला बेबी बर्थ केव्हाच शोधलेला आहे. जुनी सुती साडी, दोन टोके, समोरासमोरच्या वरच्या बर्थच्या साखळ्या किंवा दांडे आणि मधोमध झोळी. ऊसतोडीच्या फडात झाडाला, बांधकामावर बांबूला बांधली जाते तीच ही झोळी गाडीच्या हेलकाव्यावर आपोआप हलते. बाळ बर्थवर रडते आणि झोळीत दहा मिनिटांत झोपते, हे स्लीपरच्या डब्यात कोणत्याही रात्री दिसणारे दृश्य आहे. रेल्वेने हे दांडे त्यासाठी बनवलेले नाहीत, त्यामुळे याला अधिकृत आशीर्वाद मिळणार नाही. पण हजारो बाया ते करतात, तर कसे करावे हे सांगणे जास्त शहाणपणाचे. टोके खिडकीच्या हुकाला किंवा बाटली ठेवायच्या जाळीला बांधू नयेत, ती वजनासाठी नसतात. मधला बर्थ ज्या साखळीवर टांगला आहे तिला झोळी बांधली आणि कोणी तो बर्थ उघडला वा मिटला, तर गाठ सरकते. बांधण्याआधी मधल्या बर्थवाल्याला सांगावे. नायलॉन किंवा सिंथेटिक साडी नको, गाठ सुटते. झोळीचा तळ खालच्या बर्थच्या उंचीपेक्षा वर नसावा. आईने जागे राहून हात लावता येईल इतक्या जवळ बसावे, आणि तिला झोप आली की बाळाला झोळीतून काढून कुशीत घ्यावे. ब्रेकचा हिसका कधी बसेल ते सांगता येत नाही.

दूध, गरम पाणी आणि दुपटी

जून २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ‘जननी सेवा’ सुरू केली. निवडक स्थानकांवर बाळाचे अन्न, गरम दूध आणि गरम पाणी मिळावे, अशी ती योजना. त्याच सुमारास समाजमाध्यमांवरून रेल्वेला हाक मारण्याची पद्धत रुळली. मार्च २०१७ मध्ये कोकण रेल्वेवरून जाणाऱ्या पाच महिन्यांच्या बाळासाठी दूध हवे, असा निरोप एका सहप्रवाशाने समाजमाध्यमावर टाकला आणि कोलाड स्थानकात दूध पोहोचले. मे २०२० च्या अखेरीस, बेळगावहून गोरखपूरला निघालेल्या श्रमिक विशेष गाडीत चार महिन्यांच्या मुलीसाठी दूध घेऊन रेल्वे सुरक्षा दलाचा जवान भोपाळ स्थानकात सुटलेल्या गाडीमागे धावला. सीसीटीव्हीत टिपलेली ती धाव देशाने पाहिली. दोन्ही प्रसंग मन भरून यावे असेच आहेत. पण बाळाचे दूध फलाटावर धावणाऱ्या माणसाच्या पायांवर अवलंबून असावे, ही काही व्यवस्था नव्हे. रात्री दोन वाजता चहाचा स्टॉल उघडा असला तरी त्यातले दूध साखर-आलेवाले असते. सर्वच गाड्यांना स्वयंपाकाचा डबाही नसतो.

म्हणून पावडरच्या दुधावर असलेल्या बाळासाठी घरून दोन गोष्टी निघतात : उकळत्या पाण्याचा चांगला थर्मास आणि प्रत्येक वेळची मोजलेली पावडर वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत. दूध आधीच कालवून नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की पावडर किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवावी, मग निववून पाजावी आणि बाहेर ठेवलेले तयार दूध दोन तासांत वापरले नाही तर टाकून द्यावे. मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटला विजेची किटली लावणे हा गुन्हा आहे, आगीचा धोका असतो. सहा महिन्यांपुढच्या बाळाला नाचणीचे सत्त्व थर्मासच्या पाण्यात कालवता येते. त्याहून मोठ्यांना दशमी, मऊ गुरगुट्या भाताचा डबा, केळे. वडापाव आणि फलाटावरची भजी बाबांनी खावीत.

शौचालयांत आता बायो-टॉयलेट आहेत. खालच्या टाकीतले जिवाणू मैला विघटित करतात, डायपर नाही. एक डायपर अडकला की शौचालय सकाळपर्यंत बंद, आणि डब्यातली सत्तर-ऐंशी माणसे उरलेल्या तिघांवर. वापरलेले डायपर गुंडाळून कचरापेटीतच जावेत. बाळाला बदलायला स्लीपरच्या शौचालयात फळी नसते. रबरी कापड बर्थवर पसरून तिथेच उरकणे स्वच्छही आणि सुरक्षितही. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागात काही मोठ्या स्थानकांवर स्तनपानासाठी बंदिस्त कक्ष आहेत. गाडी सुटण्याआधी अर्धा तास हाताशी असेल तर तिथेच पाजून, बदलून मग डब्यात चढावे. पहिले दोन-तीन तास तरी शांततेत जातात.

स्लीपर की एसी, हा प्रश्न शेवटी पैशांचा. एसीत चादर, उशी, ब्लँकेट मिळते, धूळ आणि डास नसतात. मात्र बाळाचे पांघरूण घरचेच न्यावे, आणि झोत थेट अंगावर येणारा वरचा बर्थ टाळावा. स्लीपरमध्ये हिवाळ्यात खिडकीच्या फटीतून येणारा वारा कुंची आणि मोज्यांना विचारत नाही. कोकण मार्गावर आणखी एक गंमत. नव्वदच्या आसपास बोगदे आहेत, त्यात रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. खिडकी उघडी राहिली तर त्यातला आवाज शहाण्या माणसालाही उठवतो. मूल एकदाचे झोपले की रोह्याच्या पुढे खिडकीची काच पाडून घ्यावी.

मूल डब्यात हरवले, पडले तर?

स्लीपरच्या खिडकीचा लोखंडी पडदा वरून सुटून बोटांवर आपटणे ही लहान मुलांची नेहमीची दुखापत. खटका बसला आहे का ते आधी पाहावे. लाल खूण असलेली आपत्कालीन खिडकी कप्प्यात असेल तर तिथे मुलाला एकटे उभे करू नये. दोन डब्यांमधला हलता पूल आणि उघडे दार ही चालायला नुकत्याच शिकलेल्या मुलाची सर्वांत आवडती ठिकाणे असतात. रात्री मूल उठून चालू लागते तेव्हा आईबाप गाढ झोपलेले असतात, त्यामुळे त्याच्या खिशात मोबाइल क्रमांकाची चिठ्ठी आणि तिच्यावर डबा व बर्थ क्रमांक असावा. वरच्या बर्थवर मूल नकोच, ते कितीही हट्टाला पेटले तरी.

मदतीचा एकच क्रमांक लक्षात ठेवायचा : १३९. पूर्वीचा सुरक्षेचा १८२ हा क्रमांक २०२१ मध्ये त्यातच विलीन झाला. वैद्यकीय मदत, सुरक्षा, तक्रार सगळे इथेच. फोनवर गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि येणारे मोठे स्थानक हे चार तपशील लगेच सांगता आले पाहिजेत. मूल फलाटावर राहिले आणि गाडी सुटली, तर साखळी ओढायला हे पुरेसे सबळ कारण आहे, तिथे दंडाचा विचार करू नये. एकटी आई मुलासह तिकिटाच्या वादात सापडली तर कायदा तिच्या बाजूने आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३९ नुसार पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला रात्री गाडीतून उतरवता येत नाही. उतरवायचेच तर दिवसा, आणि तेही प्रवास सुरू झालेल्या स्थानकात, जंक्शनवर, शेवटच्या स्थानकात किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयी. मदतीचा क्रमांक आणि हे कलम, दोन्ही १३९, हा योगायोग लक्षात ठेवायला सोयीचा.

रडण्याचे काय, हा प्रश्न कायद्याचा नाही. बाळ रात्री दोनला रडायला लागले की कप्प्यातल्या कोणाला तरी झोपमोड होणार, कोणी कूस बदलून उसासा टाकणार आणि कोणी आजी ‘पोट दुखत असेल गं, हिंग लाव’ म्हणत उठून बसणार. वरच्या बर्थवरून ‘ताई, तुम्ही खाली या, मी जातो वर’ असे म्हणणारा तरुणही बहुतेक डब्यांत सापडतो. रेल्वेची सगळी व्यवस्था रात्री दहानंतर याच माणसांवर चालते. त्यांच्या भल्याबुऱ्यावर ती सोडून दिलेली आहे, हेही खरे. गुडघे दुखणाऱ्या ६५ वर्षांच्या गृहस्थाकडे बाळाची आई खालचा बर्थ मागते तेव्हा दोघांपैकी कोणीच चूक नसते.

उतरणे हा शेवटचा, आणि बेसावध क्षणी येणारा टप्पा. लहान स्थानकांवर गाडी दोन मिनिटे थांबते, पहाट अंधारी असते, काही ठिकाणी फलाट पायरीपेक्षा बराच खाली. १३९ वर फोन करून आपले स्थानक येण्याआधी जागे करणारा गजर लावता येतो. तो किमान अर्धा तास आधीचा असावा, कारण झोपलेल्या मुलाला कपडे चढवायला दहा मिनिटे जातात. दोघे मोठे असतील तर एकाने आधी उतरावे, मग मूल त्याच्या हातात द्यावे, सामान त्यानंतर. आई एकटी असेल तर सामान आदल्या स्थानकापासूनच दाराशी आणून ठेवावे, उतरवायला सहप्रवाशाला आधी सांगून ठेवावे आणि मूल कडेवरून सोडू नये. आणि बूट रात्रीच काढून पिशवीत टाकावेत. बर्थखाली ठेवलेल्या जोडीतला एक, गाडीच्या हेलकाव्यांनी सरकत सरकत, पहाटे हमखास शेजारच्या कप्प्यात सापडतो.